झाडाला बांधलेली झावळी

होडी खाडीत वळली आणि डॉर्कसच्या मनात चाललेली सकाळची प्रार्थना मध्येच तुटली. किनाऱ्यावरच्या नगालीच्या झाडाच्या बुंध्याला, छातीइतक्या उंचीवर, नारळाची ओली झावळी गाठ मारून बांधलेली होती.

प्रार्थना पुरी झाल्याशिवाय डॉर्कस तोंडात पाण्याचा थेंब घेत नसे. राजधानीत, होनियाराच्या कचेरीत असो की भर समुद्रात, आठ वर्षांत हा नेम चुकला नव्हता. आज पुढचे शब्दच आठवेनात.

"किती छान सजवलंय सगळं!" शेजारी बसलेली मारिव्हिक म्हणाली आणि फोनवर फोटो काढू लागली. ही मनिलाची बाई. कर्ज देणाऱ्या बँकेनं जमिनीचे कागद तपासायला पाठवलेली.

सजवलं होतं हे खरंच. पाहुणीसाठी वाटेच्या दोन्ही अंगांना झावळ्या रोवल्या होत्या, मधेमधे जास्वंद खोवली होती. त्या गर्दीत ही एक झावळी सहज खपून गेली असती. पण स्वागताच्या झावळीला गाठ नसते. गाठ मारलेली झावळी म्हणजे झाड बंद. दाणे वेचायचे नाहीत, फांदी मोडायची नाही, कुऱ्हाडीचं तर नावच नको. ज्याचं झाड त्यानंच बांधायची आणि त्यानंच सोडायची. सुबेरा गावात हे शेंबड्या पोरालाही कळतं. मनिलाच्या बाईला कुठून कळणार?

डॉर्कस गप्प राहिली.

सुबेरात सोलर, म्हणजे उन्हावर चालणारा विजेचा प्रकल्प, येणार होता. थोडी देणगी, थोडं बँकेचं कर्ज. त्यावर दवाखाना चालणार, शाळा चालणार, आणि बायकांनी तीन वर्षं धोशा लावलेलं, मासे टिकवायचं बर्फघर चालणार. महिनाअखेरीला सह्या झाल्या नाहीत, तर पैसे यादीतल्या पुढच्या बेटाकडे जाणार होते. महिना संपायला बारा दिवस होते. नगालीची सावली दुपारी दोननंतर सोलर पॅनेलांच्या पुढच्या तीन रांगांवर पडणार होती, म्हणून इंजिनिअरनं नकाशात त्या झाडावर लाल फुली मारली होती. आणि कागदांच्या गठ्ठ्यात सातव्या पानावर लिहिलं होतं, ‘बायकांची वेगळी बैठक घेतली. झाड तोडण्यास त्यांची हरकत नाही.’ खाली सही डॉर्कसची. सोलर बसवणाऱ्या कंपनीतर्फे गावाशी बोलायचं काम तिचं, आणि गाव तर तिच्या आईचंच.

किनाऱ्यावर एल्डन मामा पांढरा सदरा घालून उभे होते. या बेटावर जमीन येते आईकडून, पण चारचौघांत बोलतो मामा. त्यांनी भाषण केलं, पाहुणीच्या गळ्यात हार घातला. "हे झाड आमच्या आईच्या हातचं," ते म्हणाले, "पण पोरांना उजेड मिळणार असेल तर तेही दिलं!" टाळ्या झाल्या. डॉर्कसनं शब्द न् शब्द मारिव्हिकला सांगितला.

मग मामांनी तिला बाजूला घेतलं. झावळीकडे न बघताच विचारलं, "ते काय आहे गं?"

"तुम्हाला नाही माहीत?"

"पोरांचा चाळा असेल. पाहुणीला काही सांगत बसू नकोस."

कुणी बांधली हे त्यांना नक्की माहीत होतं. पण विचारणार कसं? त्यांची थोरली बहीण होती ना ती, रोडा मावशी. जाणत्या वयाचे झाल्यावर भाऊबहीण एका ओसरीवर बसून बोलत नाहीत, निरोपही तिसऱ्याच्या तोंडून जातो. आणि भाऊ चारचौघांत ‘हो’ म्हणाला की बहिणीनं ‘नाही’ म्हणायचं नसतं. त्यात भावाची मान खाली जाते.

दवाखान्यात नर्स मेलोडीनं पाहुणीला टॉर्च दाखवला. दांड्यावर दातांचे वळ उठलेले. "हा असा तोंडात धरून टाके घालते मी. जबडा निखळायची वेळ आलीय. बाळ बाहेर आलं की ‘मुलगी झाली!’ म्हणून ओरडावं, तर तोंडातून नुसतं ऊं ऊं ऊं. आया घाबरून विचारतात, काय झालंय काय नेमकं?"

मारिव्हिक हसता हसता गंभीर झाली आणि वहीत काहीतरी लिहिलं. डॉर्कसही हसली, पण तिची नजर दांड्यावरच्या वळांवर होती. गप्प राहिलं तर बारा दिवसांत हा टॉर्च मेलोडीच्या तोंडातून निघतो. आणि बोललं तर?

पाहुणी जेवायला बसली तशी ती मागच्या वाटेनं रोडा मावशीच्या चुलीपाशी गेली.

मावशी नगाली फोडत बसली होती. दगडाच्या खळग्यात फळ उभं धरायचं, वरून दुसऱ्या दगडाचा एकच ठोका, आणि बदामासारखा दाणा अख्खा बाहेर. एकाहत्तराव्या वर्षीही ठोका चुकत नव्हता.

"ये. जेवलीस?"

"अजून प्रार्थना राहिलीय माझी."

"अगं बाई! आभाळच कोसळलं म्हणायचं." ठोका. "का राहिली?"

"झावळी दिसली."

ठोका. दाणा टोपलीत पडला.

"मावशी, मागच्या बैठकीत मी सगळ्यांना विचारलं होतं. तूही होतीस."

"होते की. तू कागदावर काय लिहिलंस?"

"हरकत नाही म्हणून."

"मी तसं बोलले होते का?"

"तू काहीच बोलली नाहीस."

"मग ‘काहीच बोलली नाही’ असं लिहायचंस." मावशीनं दगड खाली ठेवला. "एल्डन बाहेर ओसरीवर बसलेला, त्याची बायको माझ्या मांडीला मांडी लावून. मी काय बोलणार? तुम्ही शिकलेल्या पोरी, मौनाला संमती समजता. आणि तुला तर भरती उतरायच्या आत होडी गाठायची होती. उठलीस की गेलीस."

हे खरं होतं. मावशी दारापर्यंत आली होती, काहीतरी सांगायला तोंड उघडलं होतं. ‘पुढच्या खेपेला गं मावशी,’ असं म्हणून डॉर्कस होडीकडे पळाली होती.

"आता सांग," ती म्हणाली. "आज मला घाई नाही."

मावशीनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. "मी नऊ वर्षांची होते. आईचं बाळंतपण मीच निभावलं, गावातल्या बायका मळ्यावर होत्या. एल्डन झाला. काळानिळा, रडेचना. आई म्हणाली, नाळ नगालीच्या बीखाली पुर, झाड जगलं तर पोर जगेल. मीच खड्डा खणला, मीच बी घातलं, पाणी आईनं घातलं. रोज सकाळी आधी मी कोंब बघायचे, मग पाळणा." तिनं झग्याच्या टोकानं नाक पुसलं. "ते झाड म्हणजे एल्डन आहे गं. आणि तो उभा राहून म्हणतो, तोडा!"

"त्यांना हे ठाऊक नाही?"

"कोण सांगणार? बहिणीनं भावाशी जन्माच्या गोष्टी बोलायच्या? लाज नाही का? जाणत्या बायका होत्या त्या गेल्या, मी एकटी उरले. मला बोलता येत नाही, बांधता येतं. म्हणून बांधली."

डॉर्कस उठली. चर्चमध्ये जाऊन तिनं राहिलेली प्रार्थना पुरी केली. ‘जे करायला हवं होतं ते आम्ही केलं नाही,’ या ओळीपाशी ती रोजच्यापेक्षा जास्त थांबली. मग पाणी प्यायली आणि मारिव्हिककडे गेली.

"सातवं पान चुकीचं आहे. चूक माझी." आणि झावळीपासून सगळं सांगितलं.

मारिव्हिकनं फोन काढून सकाळचा फोटो पुन्हा पाहिला. "म्हणजे ही सजावट नव्हे."

"नाही."

"तू सकाळीच का नाही सांगितलंस?"

"भीती वाटली, बाई. पैसे जातील म्हणून."

मारिव्हिकनं गठ्ठ्यातून सातवं पान काढून बाजूला ठेवलं. "सहीच्या आधी सांगितलंस तर ती दुरुस्ती. सहीनंतर कळलं असतं तर फसवणूक झाली असती, आणि पुढं दहा बेटांना कुणी कर्ज दिलं नसतं. नवी जागा म्हणालीस तर पुन्हा पहिल्यापासून सगळं, वर्ष गेलं समज. आहे त्यातून कमी केलंस तर विचारून बघते. शब्द देत नाही."

"सावलीतल्या तीन रांगा काढल्या तर?"

"तीन रांगा म्हणजे तुमचं बर्फघर. ते कुणी सोडायचं, हे मी सांगणार नाही. तूही सांगायचं नाहीस."

मामा खोबरं वाळवायच्या भट्टीपाशी भेटले. डॉर्कसनं नाळेचं सांगितलं तसे ते खाली ओंडक्यावर बसले.

"साठ वर्षं मी त्याच्या सावलीत झोपतोय," ते अखेर म्हणाले. "एकदा तिथंच पडून पाय मोडला होता, तेव्हा त्याला शिव्या दिल्या होत्या." मग ओंडक्याची साल नखानं सोलू लागले. "आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, दिलं."

"उद्या बायका पुन्हा बसतील, मामा. तुम्ही गावात नका राहू. मासेमारीला जा."

"जातो."

"लांब जा."

"समजलं गं! हाकलतेस काय मामाला?"

दुसऱ्या दिवशी बैठक नगालीखालीच झाली. मामांची बायकोही मुद्दाम माहेरी गेली होती. रोडा मावशी उभी राहून बोलली. चारच वाक्यं, पण सगळ्यांना ऐकू जातील अशी. मग जो गलका झाला तो झाला.

"झाड बर्फ देतं का?" मासे विकणारी मुरिएल कडाडली. "तीन वर्षं माझे मासे होडीत सडतायत!"

"तुझ्या तीन पोरींच्या लग्नात गोडधोड कुणाच्या दाण्यांचं केलंस? तेव्हा बरं हेच झाड लागलं!" मागून एकजण ओरडली.

"मला आधी दिवा द्या, मग भांडा," मेलोडी म्हणाली. "माझे दात हलायला लागलेत."

दुपारपर्यंत ठरलं. झाड राहील, दवाखाना आणि शाळा आता, बर्फघर पुढच्या पैशांत. मुरिएल मात्र उठून चालती झाली. डॉर्कसनं नवीन पानावर कोण काय बोललं ते नावानिशी लिहिलं, आणि शेवटी लिहिलं, ‘मुरिएल उठून गेल्या. त्यांची संमती नाही.’

मारिव्हिक टेकडीवर जाऊन, फोनला रेंज मिळेल तिथं, तासभर बोलत उभी होती. खाली आली तेव्हा चेहरा उन्हानं लाल झालेला. "लहान सोलरला हरकत नाही, कर्जही तेवढं कमी. सह्या ठरल्या दिवशी. बर्फघराचं मात्र पुढचं पुढं, आणि तेही नक्की नाही." डॉर्कसच्या साहेबांनी होनियाराहून फोनवर तिला भरपूर सुनावलं, ते तिनं ऐकून घेतलं. ऐकून घेण्यासारखंच होतं. मग ती मुरिएलच्या घरी गेली. मुरिएलनं दार उघडलं नाही. पायरीवर थोडा वेळ बसून ती परतली.

उन्हं कलताना मामांची होडी आली. त्यांनी भलामोठा चंदेरी मासा डॉर्कसच्या हातात दिला, मावशीच्या घराकडे हनुवटीनंच खूण केली आणि तोंड फिरवून जाळं झाडू लागले.

"काय सांगू तिला?"

"सांगायचं काय त्यात? मासा आहे."

मावशीनं मासा दोन्ही हातांनी तोलून पाहिला. किनाऱ्याकडे बघितलं, जिथं पांढऱ्या केसांचा एक माणूस तिच्याकडे पाठ करून नगालीखाली बसला होता. झावळी अजून तशीच होती. ती आता कुणी सोडायची, हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं.

"मेल्यानं केवढा आणलाय!" ती म्हणाली. डोळे भरले होते आणि हसूही आवरत नव्हतं. "बर्फ आहे का घरात ठेवायला? जा, सगळ्यांना बोलव. आजच संपवावा लागेल. आणि मुरिएलला पहिल्यांदा वाढ."