सात नंबरच्या खाचेची नोंद

मित्रांनो, मी एक जुना नेटवर्क स्विच आहे आणि आज माझं डोकं फार तापलेलं आहे. महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात, स्टोअरच्या भिंतीवर, मी आठ वर्षं लटकतो आहे. हजेरीचं यंत्र, ऑफिसातले संगणक, गेटवरचा कॅमेरा, सगळ्यांच्या वायरी माझ्या चोवीस खाचांत येतात. कोणती वायर किती वाजता निघाली, तिच्या जागी कोण आलं, हे मी मुकाट्याने लिहून ठेवतो. पण वीज गेली की माझं लिहिलेलं सगळं साफ!

मला बसवणाऱ्या निषादला हे ठाऊक होतं. या नोंदी लगेचच्या लगेच दुसऱ्या संगणकावर पाठवू या, त्याला लॉग सर्व्हर म्हणतात, अर्ध्या तासाचं काम आहे, असं तो मॅनेजर कमलाकर साहेबांना कितीदा म्हणाला. साहेबांचं उत्तर ठरलेलं, पुढच्या महिन्यात बघू. तो महिना काही उजाडला नाही. वर नेट जरा अडलं की जो तो येऊन माझं बटण दाबणार, बंद कर, चालू कर. मी काय पंखा आहे?

यंदा खंडेनवमीच्या आदल्या दुपारी साहेबांना लॅपटॉपवर मॅच बघायची होती आणि वायफाय रडत होतं. ते स्टोअरमध्ये आले. माझ्या सगळ्या खाचा भरलेल्या, म्हणून त्यांनी सात नंबरची वायर उपटली आणि शेजारच्या केबिनमधून ओढलेली आपली वायर तिथे खुपसली. उपटलेली वायर गेटच्या कॅमेऱ्याची होती. दोन तासांनी मॅच संपल्यावर त्यांनी ती परत लावली. मी सगळं लिहिलं, साहेबांच्या लॅपटॉपच्या नंबरासकट.

दुसऱ्या सकाळी यंत्रांची पूजा. गेटवरचे रखवालदार मालोजी, जवळच्या वरंध गावचे, फार भाविक माणूस. त्यांनी मला बंद केलं, स्वतःच्या रुमालाने पुसलं, हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. इतक्या मायेने मला कधीच कुणी हात लावला नव्हता. आणि त्याच हातांनी माझी नोंद पुसली गेली.

दसऱ्याची सुट्टी संपल्यावर कळलं, स्टोअरमधलं तांब्याच्या तारेचं भेंडोळं नाहीसं झालंय आणि कॅमेऱ्यात नेमके ते दोन तास नाहीत. कॅमेऱ्याची वायर काढून मालोजींनीच भेंडोळं लांबवलं, असं साहेबांनी ठरवून टाकलं. मालोजींच्या पगारावर त्यांच्या लेकीचं, सेजलचं, नर्सिंगचं शिक्षण चाललेलं. निषादला बोलावलं. त्याने माझ्या नोंदी उघडल्या, तर पहिलीच नोंद पूजेनंतरची.

"साहेब, वायरीला मी हात पन लावला नाय," मालोजी म्हणाले.

साहेब मोबाइलमध्ये बघत राहिले. विसरले होते की विसरल्याचं सोंग होतं, देव जाणे. मला तोंड असतं तर तिथल्या तिथे पितळ उघडं पाडलं असतं! मालोजींना त्याच दिवशी घरी पाठवलं.

निषादने मात्र त्या संध्याकाळी कुणाला न विचारता लॉग सर्व्हर जोडून दिला. दिवाळीनंतर पुन्हा मॅच आली. साहेबांनी पुन्हा सातची वायर उपटली, आणि या वेळी माझी नोंद तत्काळ सर्व्हरवर पोचली. निषाद ती छापून घेऊन केबिनमध्ये गेला. साहेब हसले. म्हणाले, अरे, मागच्या वेळीही मीच काढली असणार, बोलवा मालोजीला.

मालोजी आले. नोकरी परत घ्या, असं साहेब म्हणाल्यावर त्यांनीच उलट विचारलं.

"अकरा वर्सं तुमच्या गेटवर होतो. मी सांगितलं तवा तुमाला पटलं नाय. आता डब्यानं सांगितलं तवा पटलं?"

एवढं बोलून ते वरंधच्या एसटीला निघून गेले. पुन्हा आले नाहीत.

मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखं यंत्र असेल तर त्याच्या नोंदी वेळेवर दुसरीकडे पाठवत चला. आळस करू नका. आणि नोंद सापडत नसेल, तर समोर उभ्या असलेल्या माणसाचं तरी ऐका.