विंचू गेला

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुम्ही विश्वास ठेवणार नाही. ठेवूच नका. साताऱ्यात आजवर कुणी ठेवला नाही, आणि तुम्ही तर सहलीला आलेले पाहुणे. पण या वाचनालयात काचेच्या कपाटात बसून बसून जीव आंबून जातो. तुमचे मास्तर खाली चहाला गेलेत, तेवढ्यात ऐकून घ्या.

मी पायताणांचा एक जुना जोडा आहे. डावं आणि उजवं मिळून आमचा जीव एकच, म्हणून 'मी' म्हणतो. माझ्या डोक्यावर पाटी आहे: 'थोर कादंबरीकार कै. गोविंदअण्णा मेढेकर यांचे अखेरचे पादत्राण.' पादत्राण! उभ्या जन्मात मला या नावाने कुणी हाक मारली नव्हती. ती पाटी वाचून लोक मला हात जोडतात. मघाशी तुम्हीही जोडलेत. तेव्हा मला अंग चोरायला जागा पुरत नाही. पायताणाची जागा उंबऱ्याबाहेर. मी आत आलो तो एका खोट्यावर बसून आलो, आणि ते खोटं एका बाईला भोवलं.

माझं कातडं ज्या म्हशीचं, ती मिरजेकडची. ती कृष्णेवर पाण्याला उतरली की सांगलीच्या घाटाची एक पायरी उघडी पडायची, इतकं पाणी प्यायची. मी डोळ्यांनी पाहिलं नाही, कारण तेव्हा मी तिच्या पाठीवर होतो आणि पाठ पाण्याखाली होती. पुढे अर्जुना नावाच्या कारागिराने मला घडवलं. हिरड्याच्या आणि बाभळीच्या सालीच्या पाण्यात मुरवलं, उन्हात वाळवलं, पोटभर तेल पाजलं. शेवटी तळव्याच्या दोन पदरांमध्ये त्याने एकेक टणक बी बसवली आणि शिवून टाकली. चालताना कातडं त्या बीवर घासतं आणि करकर आवाज निघतो. मित्रांनो, या बीला आमच्यात 'विंचू' म्हणतात. तिला नांगी नाही, विष नाही, आहे तो नुसता रुबाब. अर्जुनाने मला पायात चढवलं, दोन पावलं टाकली आणि म्हणाला, "व्हय, बोलतंय." एवढंच माझं बारसं.

अण्णा सांगलीला व्याख्यानाला आले होते. त्यांनी मला पाहिलं, पायात घातलं आणि बोलत बोलत साताऱ्याला घेऊन आले. अण्णा म्हणजे केवढा माणूस! त्यांच्या कादंबरीत पहिल्याच प्रकरणात कुणाचा तरी मुडदा पडायचा, आणि तो कुणी पाडला हे शेवटचं पान उलटल्याशिवाय कळायचं नाही. त्या नादात मुंबईपासून बेळगावापर्यंत किती चुलींवर दूध उतू गेलं असेल, त्याची गणती नाही.

ते बेचाळीसनंतरचे धरपकडीचे दिवस होते. अण्णा पोवई नाक्यावरून निघाले की माझी करकर ऐकून पहाऱ्यावरचे शिपाई ताठ व्हायचे आणि फौजदार आले समजून सलाम ठोकायचे. एकदा तर माझा आवाज अजिंक्यताऱ्यावर आदळून मागे फिरला, आणि मागून कुणी मोठा माणूस येतोय म्हणून अण्णा स्वतःच बाजूला सरून उभे राहिले. हे खरं आहे. बाकीचं नसलं तरी हे आहे.

शनिवार पेठेत त्यांचं लहानसं घर होतं. बायको कधीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. घर सांभाळायची राहीबाई. ती खेड्यातली विधवा बाई. लेक लग्न होऊन सासरी गेलेली, म्हणून मागच्या खोलीत एकटीच राहायची. अण्णांच्या कादंबऱ्या तिला वाचता येत नव्हत्या, पण माझी भाषा तिला नीट कळायची. गोष्ट अडली की अण्णा अंगणात येरझाऱ्या घालायचे. करकर चालू असेतो राहीबाई आपल्या कामात असायची. करकर थांबली की म्हणायची, "बसलं वाटतं ल्ह्यायला," आणि चहाचं आधण ठेवायची. अण्णांना चहा मागावा लागला, असं एकदाही झालं नाही.

पण मित्रांनो, थोर माणसाचं आपल्या पायाकडे लक्ष नसतं. तेल मिळेना म्हणून मी सुकलो आणि डाव्या पायाची शिवण तटतटू लागली. राहीबाईच्या ते ध्यानात आलं.

"आवं अण्णा, त्याला वाईच त्याल पाजा की. टाकं उसवाय लागल्यात."

"हे प्रकरण होऊ दे, मग पाजू," अण्णा म्हणायचे. एक प्रकरण संपलं की दुसरं सुरू व्हायचं. तेल राहून गेलं.

चव्वेचाळीसच्या वैशाखातली ती दुपार. राहीबाई नळावर गेली होती. अंगणात पायरीजवळ तिने शेणींची, म्हणजे गोवऱ्यांची, रास रचून ठेवली होती. अण्णांच्या येरझाऱ्या चालल्या होत्या. पायरीपाशी वळताना माझी डावी शिवण तटकन तुटली, आतली बी निसटली आणि टुणकन उडून शेणीत गेली. करकर थांबली.

भिंतीपलीकडे भाऊसो राहायचे. कचेरीतून निवृत्त झालेले, आणि कुणी न नेमता साऱ्या पेठेचे पंच झालेले. जन्मभर त्यांच्या पायात बूट. पायताणातल्या विंचवाशी त्यांची कधी ओळखच झाली नव्हती. आवाज थांबलेला ऐकून त्यांनी पलीकडूनच विचारलं,

"काय अण्णा, थांबलात का?"

"विंचू गेला, भाऊसो," अण्णा म्हणाले.

"कुठं?"

"शेणीत. डाव्या पायाचा."

हे सांगताना अण्णा हसत होते. पण भिंतीला हसणं दाखवता येत नाही. भाऊसोंनी 'विंचू' ऐकलं, 'पाय' ऐकलं आणि घरात शिरून आधी स्वतःच्या दाराला कडी लावली. मग ते काठी शोधू लागले.

इकडे अण्णा पायरीवर टेकले. त्यांनी माझ्यातून दोन्ही पाय काढून घेतले. मला वाटलं, आता मला उचलून शिवण बघतील. मी वाट पाहिली. पण हात खाली आलाच नाही.

भाऊसो काठी आणि चार माणसं घेऊन आले, तेव्हा अण्णा भिंतीला टेकून बसले होते आणि ते गेलेले होते.

अण्णा कशाने गेले? मित्रांनो, ते मला ठाऊक नाही. मी पायाशी होतो, छातीत काय झालं ते मला कसं कळणार? डॉक्टर आले. त्यांनी दोन्ही पाय निरखून पाहिले आणि सांगितलं, "डंखाची खूण नाही. कशानं गेले ते मला सांगता येत नाही." पण एवढ्या मोठ्या कादंबरीकाराने 'सांगता येत नाही' असं मरायचं म्हणजे काय? त्यांच्या वाचकांना शेवटचं पान हवं होतं. ते भाऊसोंनी लिहून दिलं. अण्णा म्हणाले होते 'विंचू गेला'. भाऊसोंनी मध्ये एकच शब्द घातला: 'विंचू चावून गेला.' संध्याकाळपर्यंत तो विंचू वीतभर झाला होता. दुसऱ्या दिवशी पुण्याची माणसं उतरली, तोवर हातभर.

मग प्रश्न आला, विंचू आला कुठून? शेणीतून. आणि शेणी रचल्या कुणी?

राहीबाईने एक सकाळ सबंध त्या राशीत घालवली. हातात चिमटा घेऊन ती एकेक शेणी उचलायची, आपटायची, उलटीपालटी करून बघायची आणि पलीकडे मांडायची. मी तिथेच पायरीशी पडलो होतो. भाऊसो भिंतीवरून डोकावले.

"ढीग हितनं हलीव म्हणून सांगितलं हुतं का न्हाई तुला?"

"आवं भाऊसो, वल्या शेणी घरात कशा घालू? वाळल्या म्हंजी हलवनार हुते."

"वाळल्या ना आता? शेणी वाळल्या आन् अण्णा गेले."

राहीबाईने राशीतली शेवटची शेणी उचलून आपटली.

"एक सुदिक विंचू न्हाई. या, बघा येऊन."

"विंचू काय तुझी वाट बघत बसंल व्हय?"

तेवढ्यात खाली पडलेल्या भुशात तिला काहीतरी दिसलं. तिने ते बोटांनी उचललं, तळहातावर घोळवलं. ती माझी बी होती, मित्रांनो. अण्णांचा विंचू. राहीबाईचा निर्दोषपणा तिच्याच तळहातावर बसला होता. तिला वाटलं चिंचोका आहे. अंगठ्याने टिचकी मारून तिने तो मोरीत उडवला.

त्या क्षणाइतका शरमिंदा मी कधी झालो नाही. साताऱ्याचे शिपाई ज्याला सलाम करायचे तो मी, माझ्या तोंडून एक अक्षर फुटलं नाही. डाव्या पायातला विंचू मोरीत गेला होता. उजव्यातला होता, पण पायाशिवाय तो बोलत नाही, आणि पाय तर स्मशानात गेला होता.

पुढे याच वाचनालयाच्या दिवाणखान्यात शोकसभा झाली. मला धुऊन, पुसून, टेबलावर ठेवून गळ्यात हार घातला. पायताणाला गळा कुठला, पण घातला. भाऊसो बोलायला उभे राहिले. म्हणाले, एका बाईच्या आळसापायी महाराष्ट्राने आपला लेखक गमावला. राहीबाई दाराशी, सगळ्यांच्या चपला पडल्या होत्या तिथे बसली होती. लोकांनी मागे वळून तिच्याकडे पाहिलं. ती उठली, पदर ओढला आणि निघून गेली. तिची जागा टेबलावर नसेल, पण माझीही नव्हती. मला तिच्यामागून जायचं होतं. पण पायताण आपलं आपण चालत नाही.

मग पेठेत तिला कुणी कामावर घेईना. नळावर बायका आपली घागर तिच्या घागरीपासून लांब सरकवायच्या. घरमालकाने मागची खोली रिकामी करायला सांगितली. एका सकाळी तिने गाठोडं बांधलं, पायरीला हात लावून कपाळाला लावला आणि गेली. अण्णा गेले तेव्हा सारा सातारा रडला होता. राहीबाई गेली तेव्हा भाऊसोंनी नुसती खिडकी लावून घेतली.

आणि मी इथे आलो. लोक काचेला नाक लावून डंख शोधतात. उजव्या पट्ट्यावर काळपट डाग आहे ना, तो दाखवून बापमाणसं मुलांना सांगतात, "ते बघ वीख." अहो, तो चहाचा डाग आहे. कप ठेवताना राहीबाईच्या हातून सांडला होता. तेवढीच तिची आठवण माझ्यापाशी आहे, आणि तिलाही लोक विष म्हणतात.

आता तुमची तोंडं उतरली. थांबा, रडू नका. पुढचं गोड आहे.

गेल्या वर्षी अण्णांच्या पुण्यतिथीला भाऊसो याच कपाटासमोर उभे राहून तेच भाषण करू लागले. 'एका बाईच्या आळसापायी' असं म्हणाले मात्र, मला राहवलं नाही. मी करकरलो. असा करकरलो की ही समोरची काच वरपासून खालपर्यंत तडकली. अध्यक्ष खुर्चीवरून पडले. भाऊसोंनी मला बाहेर काढलं, उलटं केलं, डावी उसवलेली शिवण पाहिली, त्यात बोट घातलं, आणि सगळा उलगडा होऊन ढसाढसा रडले. मग त्यांनी बूट काढून फेकले, मला डोक्यावर घेतलं आणि अनवाणी राहीबाईच्या दारी गेले. म्हणाले, "बाई, विंचू चावला न्हवता. माझी जीभ चावली." सांगलीच्या संस्थानातून हत्ती मागवला. राहीबाईला अंबारीत बसवून पोवई नाक्यापासून शनिवार पेठेपर्यंत मिरवत आणली. नळावरच्या बायकांनी पायघड्या घातल्या. तिची खोली तिला परत मिळाली, आणि आता ती तिथे सुखाने राहते.

तेव्हा मित्रांनो, या म्हाताऱ्या जोड्याचं तुमच्यापाशी एवढंच मागणं आहे. पायताणाला वेळच्या वेळी तेल पाजा. एक टाका उसवला तर आजच घाला. आणि भिंतीपलीकडून कुणाचा शब्द कानावर आला, तर तो चौथ्या माणसाला सांगण्याआधी...

"खोटं हाय."

दुसऱ्या रांगेतली एक मुलगी उठून उभी राहिली होती. शेजारची तिचा झगा ओढत पुटपुटत होती, "खाली बस की गं विजयमाला."

ती बसली नाही. कपाटाजवळ आली आणि काचेवर वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

"काच कुठं तडकलीया? धड तर हाय." मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "राहीबाई माझी आज्जी हाय. इस्लामपुरात आमच्यातच असती. तिला न्ह्यायला हत्ती आला न्हाई, आन् ते भाऊसो बी कवा आलं न्हाईत. रस्त्यानं कुनाचं पायताण करकरलं तर ती अजून उठून दार लावून घेती."