कुऱ्हाड्यांचा र

मुलांनो, असं समजा की तुम्ही परक्या गावाला पाहुणे म्हणून निघालात. तिथल्या घरचं तिखट तुम्हाला सोसत नाही. म्हणून आई डबा बांधून देते. त्यात भाकरी, पिठलं आणि एका पुरचुंडीत घरचं मीठ. तुम्ही त्यांच्या घरात बसून जेवता, पण त्यांच्या बरण्यांना हात लावत नाही. जेवण झालं, डबा मिटला, की त्यांचं घर जसंच्या तसं. आला का असा डबा डोळ्यांपुढं? मग चला उस्मानपुऱ्यात, एका शिक्षण संस्थेच्या कचेरीत. तिथं सुलेखामावशी असेच डबे बांधते, पण भाकरीचे नाही, कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमचे.

मावशीकडं अकरा शाळांचे एकशे ऐंशी कॉम्प्युटर. ते सगळे ती एका खुर्चीत बसून सांभाळते. एखादा प्रोग्रॅम पाठवायचा ठरला की यादी निवडायची, वेळ लावायची. त्या वेळेला तो सगळीकडं आपोआप जाऊन बसतो. उन्हाळ्याची सुट्टी होती, म्हणून तिची अकरा वर्षांची भाची सोनिया मुकुंदवाडीहून रोज तिच्याबरोबर यायची. तिला मावशीचं काम बघायला आवडायचं आणि प्रश्न विचारायला त्याहून जास्त.

त्या सोमवारी प्रश्न विचारायला कुणालाच सवड नव्हती. शाळांमधले जुने कॉम्प्युटर जाऊन नवे आले होते. पण टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, छापायचा प्रोग्रॅम पंधरा वर्षांपूर्वीचा. तो बनवणारे कुठं गेले, कुणाला ठाऊक नाही, आणि नव्या कॉम्प्युटरवर तो चालेना. म्हणून मावशीनं तो त्याच्या साऱ्या जुन्या सामानासकट एका डब्यात बांधला होता. डबा नव्या कॉम्प्युटरवर उघडायचा, काम करायचं, मिटायचा. बारा वाजता तो अकराही शाळांना जाणार होता. पिशोरच्या शाळेला मात्र तिनं साडेअकरालाच पाठवला, कारण तिथं शिवराज कुऱ्हाडे नावाचा मुलगा आईबरोबर सकाळपासून बसून होता. दहावी झालेला. पाच वाजेपर्यंत कन्नड गावच्या आयटीआयमध्ये टीसी दिली नाही, तर त्याची जागा दुसऱ्याला जाणार होती.

मावशीनं आपल्या टेबलावर आधी तपासून पाहिलं होतं. ‘कमल राम पाटील’ असं नाव टाकलं, सुरेख छापून आलं. "शितावरून भाताची परीक्षा," असं म्हणून तिनं हात झटकले होते.

पावणेबाराला पिशोरचे क्लार्क रामकिसनभाऊ यांचा फोन आला.

"जय भीम मॅडम! आली बघा टीसी. लई भारी काम केलं तुमी."

"जय भीम भाऊ. फोटो पाठवा बरं."

फोटो आला. मावशीनं वरवर पाहिला आणि मोबाईल ठेवणार, तेवढ्यात सोनियानं तो ओढला.

"मावशी, हे काय? ‘कु’, मग रिकामी चौकट, मग ‘हाडे’."

मावशीनं फोटो मोठा केला. खरंच. कुऱ्हाडेमधला तो चंद्रकोरीसारखा र गायब होता. त्याच्या जागी एक छोटी रिकामी चौकट होती.

"व्हय व्हय, ते दिसलं मला," फोनवर रामकिसनभाऊ म्हणाले. "त्यात काय एवढं? पेनानं आकडी काढून देतो की!"

"पेन लावू नका भाऊ!" मावशी जवळजवळ ओरडलीच. "खाडाखोड दिसली तर आयटीआयवाले परत पाठवतील पोराला. कन्नडची शेवटची गाडी कधी?"

"साडेतीनची. त्या गाडीनं गेलं तरच पोचतंय ते."

घड्याळात बाराला आठ मिनिटं होती. मावशीनं पहिलं काम केलं ते म्हणजे बाराची वेळ रद्द केली. तेवढ्यात संस्थेचे सचिव बद्रीनाथ सर दारात आले.

"काय सुलेखाबाई, सुटला का तुमचा डबा?"

"थांबवलाय सर. एक अक्षर फुटतंय."

"एका अक्षरासाठी अकरा शाळा बसवून ठेवायच्या? जाऊ द्या हो, एखाद्याचं चुकलं तर नंतर बघू."

"सर, हातानं लिहिताना चुकलं तर एका दाखल्यात चुकतं. मी इथून चूक पाठवली तर ती एकशे ऐंशी ठिकाणी जाते. दुरुस्त झाल्याशिवाय मी पाठवणार नाही."

सर खुर्ची ओढून बसले, म्हणजे जाणार नव्हते.

मावशी डोकं धरून बसली. "माझ्या टेबलावर ठीक, पिशोरला बिघाड. डबा एकच, मग असं का?"

सोनियानं मावशीच्या कॉम्प्युटरवर ‘कुऱ्हाडे’ टाकून पाहिलं. इथं र झकास उमटला.

"मावशी, तो जुना फॉन्ट, म्हणजे ती अक्षरांची पेटी, डब्यात आहे ना?"

"असणारच. मी इथंच तर सगळं बांधलं."

"इथं म्हणजे तुझ्याच कॉम्प्युटरवर? पण तुझ्याकडं तो फॉन्ट आधीपासून होता." सोनिया अडखळत म्हणाली, "आई भाकरी बांधताना कधीकधी मीठ विसरते बघ. घरात असतंच ना, म्हणून लक्षात येत नाही. पोचल्यावर कळतं."

मावशीनं लगेच डबा उघडून आतली यादी पाहिली. फॉन्ट नव्हता! डबा बांधणाऱ्या सॉफ्टवेअरनं ‘हा तर घरात आहेच’ म्हणून तो घेतलाच नव्हता. पिशोरला पोचल्यावर प्रोग्रॅमनं तिथल्या नव्या कॉम्प्युटरचा, त्याच नावाचा पण नव्या बनावटीचा फॉन्ट उचलला. त्यात बाकी अक्षरं जागेवर होती, फक्त चंद्रकोरीचा र दुसऱ्या खणात गेला होता.

"चूक माझी," मावशी म्हणाली. "डबा बांधायचा तो कोऱ्या कॉम्प्युटरवर. जिथं आपलं काहीच नाही, अशा ठिकाणी."

कोपऱ्यात नवा कॉम्प्युटर खोक्यातच होता. बद्रीनाथ सरांनी स्वतः टेप फाडली. मावशी पुन्हा पहिल्यापासून बांधायला बसली. प्रोग्रॅम, त्याच्या सेटिंग, मग फॉन्ट, आणि वर सूचना, की अक्षरं हवीत तर आधी डब्यातच पाहा. मधेच एकदा वीज गेली. सगळं परत करावं लागलं. मावशीनं ओढणी कमरेला खोचली आणि परत सुरुवात केली. जेवणाचं कुणी नावही काढलं नाही.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी डबा तयार झाला. मावशी सवयीनं ‘कमल राम’ टाकायला गेली, तर सोनियानं तिचा हात धरला.

"ते शीत नको मावशी. भाताची शितं सारखी असतात, नावं नसतात. कठीण नावं टाक."

"मग सांग की, मास्तरीणबाई!"

"कुऱ्हाडे. गोऱ्हे. हृषीकेश. ज्ञानदेव. आणि कृष्णा."

"आमच्या साडूंचं नाव बऱ्हाटे, तेही टाका," सर म्हणाले.

सगळी नावं नीट उमटली. दोन पन्नासला डबा पिशोरला गेला, फक्त पिशोरला. मग नुसतं थांबणं. तीनला फोटो आला. कु, मग तो वाकडा, नाजूक र, मग हाडे.

फोनवर या वेळी शिवराजची आई मनकर्णाबाई होती. "बाई, मला वाचता येत नाय. पोराचं नाव बरोबर हाय ना?"

"अगदी बरोबर आहे आजी," सोनियाच बोलली. "र बी आलाय!"

"आजी कुणाला म्हनती गं? एवढी म्हातारी नाय मी!" मनकर्णाबाई हसल्या, आणि मागून कुणीतरी ओरडलं, "आई, चल, गाडी!"

बद्रीनाथ सरांनी हुश्श केलं. "झालं! आता तरी सोडा सगळीकडं."

मावशीनं बाकीच्या दहा शाळांची यादी काढली. मग बटणावर ठेवलेलं बोट उचललं आणि भाचीकडं पाहिलं. "काय गं सोनू, सोडू?"

सोनिया उठली, कपाटातून शाळांच्या जनरल रजिस्टरांमधलं, म्हणजे सगळ्या मुलांच्या नावांच्या वह्यांमधलं, सगळ्यात जाड रजिस्टर दोन्ही हातांनी काढलं, नव्या कॉम्प्युटरशेजारी धपकन ठेवलं, पहिल्या पानावरच्या पहिल्या नावावर बोट टेकवलं आणि अवघड अक्षर शोधत खाली खाली यायला लागली.