ओला पाला

रेशीमकिड्यांना ओला पाला घालायचा नसतो, हे आमच्या फरगाण्यात पाच वर्षांच्या पोरीलाही कळतं. मी तेव्हा बत्तीस वर्षांची होते.

किडे कोष विणायला लागण्याआधीचा शेवटचा आठवडा होता. सामूहिक शेतीकडून मिळालेल्या अंड्यांतले किडे बोटाएवढे झाले होते. दोन्ही खोल्या त्यांना दिलेल्या, आम्ही ओसरीवर झोपायचो. आत शिरलं की पाला कुरतडल्याचा एकसारखा आवाज येई. तो आवाज आठवला की अजून बरं वाटतं. त्या सकाळी पाऊस पडून गेला होता. तुतीच्या फांद्या पसरायच्या, झटकायच्या, वाळवायच्या म्हणजे अख्खी दुपार जाणार. मला कंटाळा आला. मूळचीच आळशी मी. फांद्या तशाच टाकल्या आणि आडवी झाले.

तेवढ्यात शेजारची खोसियत चाळण मागायला आली. दारातूनच म्हणाली, "अगंबाई, काय गुबगुबीत झालेत गं तुझे!" नजर लागू नये म्हणून म्हणतात ते माशाल्ला म्हणायचं मात्र राहिलं.

तिसऱ्या दिवशी किडे काळे पडून लिबलिबीत झाले. एकूण एक. सासूने ऊर बडवला, मुकादम ओरडायला लागला. मी म्हटलं, "खोसियत बघून गेली होती." आणि साऱ्या गल्लीदेखत तिच्या उंबऱ्यावर दृष्ट काढायचा धूर केला.

तेव्हापासून खोसियतला कुणी बाळंतिणीच्या खोलीत घेतलं नाही, नवरीजवळ बसू दिलं नाही. तिच्या लेकीला, साओदातला, गावात स्थळ मिळेना. शेवटी दूर मिर्झाचोलच्या माळावर एका बिजवराला दिली. ती तिथेच वारली. तिची पोर, दिलोरोम, खोसियतने वाढवली.

एकेचाळीस वर्षं मी हे भिंतीपलीकडून पाहत होते. स्वतःचा स्वभाव कबूल करणं मला कधी जड गेलं नाही. मी आळशी आहे, हे मी चारचौघींत हसत सांगते. त्यात सोय असते. पुढचं सांगावं लागत नाही.

या शरदात दिलोरोमला बघायला बायका आल्या. आमच्याकडे आधी शेजारी चौकशी करतात. त्या माझ्याकडे चहाला बसल्या आणि मुलाची आत्या म्हणाली, "आपा, पोर गुणाची आहे. पण आजीची नजर वाईट म्हणतात. खरं सांगा, नाहीतर आम्ही रोटी न मोडताच परत जातो." आमच्यात रोटी मोडली की लग्न ठरलं.

मी म्हटलं, "तिची नजर चांगली आहे. किडे माझ्यामुळे मेले. मी ओला पाला घातला होता."

आत्या माझा हात थोपटून म्हणाली, "शेजारीण असावी तर अशी! दुसरीचा दोष अंगावर घेते."

आजवर माझ्या खोट्यावर लोकांनी झटकन विश्वास ठेवला होता. मी म्हटलं, "पुरतं ऐक, बाई. फांद्यांतून पाणी गळत होतं. मला सगळं कळत होतं. तरी तिच्या दारात धूर मी केला. तिची पोर माळावर गेली, तेव्हाही गप्प बसले. यात चांगुलपणा कसला?"

बायकांनी पियाले खाली ठेवले आणि उठल्या. घटकाभरात शेजारी रोटी मोडल्याचा गलका ऐकू आला.

माझी सून म्हणाली, "शाब्बास, सासूबाई! आता आपल्या पोरीला कोण मागणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी खोसियत आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. उभ्यानेच म्हणाली, "मला ठाऊक होतं. चाळण घेताना बघितली होती ओली फांदी."

"मग बोलली का नाहीस गं?"

"माझं ऐकणार कोण होतं?"

मी म्हटलं, "मी ही अशीच आहे, खोसियत."

"अशी आहेस ते मला नको सांगूस. काय केलंस, ते साओदातच्या कबरीपाशी जाऊन सांग."

"जाते. उद्या जाते."

"उद्या म्हणालीस, म्हणजे जायची नाहीस. मिर्झाचोलची बस दहाला सुटते. अंगावरच्या कपड्यांनिशी ऊठ."

ऊन कोवळं होतं, गुडघे दुखत होते. मला खरोखर कंटाळा आला होता. मी उठले.