फोटोतली आई

धाकटीने फोन ताईच्या नाकासमोर धरला. "बघ, अगदी आपली गोटीच! कानसुद्धा तसेच, दुमडलेले."

ताईने आधी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. घाई केली असती तर ती ताई कसली! फोटोत हिरवळीवर कुत्र्याची मधाच्या रंगाची चार पिल्लं लोळत होती आणि त्यांच्यामागे त्यांची आई रुबाबात बसली होती. पण ताईला आधी दिसले ते डोळे. तिचा जन्म फोटो स्टुडिओत रिटचिंग करण्यात गेला होता. काचेच्या निगेटिव्हवर सुईसारख्या टोकाच्या पेन्सिलीने सुरकुत्या पुसायच्या, छापलेल्या फोटोवर दोन केसांच्या ब्रशने डाग बुजवायचे. माणूस असो की मांजर, पहिल्यांदा बघायचा तो बुबुळातला उजेडाचा ठिपका. स्टुडिओत त्याला 'जीव' म्हणत. पिल्लांच्या डोळ्यांत जीव डावीकडे होता, आईच्या डोळ्यांत उजवीकडे.

एकाच उन्हात बसलेल्यांच्या डोळ्यांत ऊन दोन बाजूंनी कसं येईल?

"ही आई यांची नाही," ताई म्हणाली. "दुसऱ्या फोटोतून काढून मागे चिकटवली आहे."

"झालं सुरू! तुला लग्नाच्या फोटोतसुद्धा नवरीच्या आधी पडद्याची चुणी दिसते."

ताईचे यजमान गेल्यावर आणि धाकटी ग्रंथालयातून निवृत्त झाल्यावर दोघी बहिणी एका घरात राहायला आल्या होत्या. दोघींच्या मिळून चार गुडघ्यांपैकी धड एकच. डॉक्टरांनी धाकटीला रोज चालायला सांगितलं होतं, पण ती दाराशी जाऊन परत यायची. "चालू कुणासाठी?" म्हणायची. दिवसचे दिवस खिडकीशी बसून राहायची. ताईला त्या बसण्याची धास्ती वाटू लागली होती. मग पिल्लाचा विषय निघाला आणि बाई हलली. गॅलरी धुतली, जुनी गोधडी उन्हात टाकली, एक खोलगट थाळी आणून ठेवली. ते सगळं मोडायचं ताईच्या जिवावर आलं होतं.

तरी तिने धाकटीकडून पिल्लं विकणाऱ्याला फोन लावून घेतला. "विचार, आईला बघायला कधी येऊ?"

विकणारा मोठा गोड बोलला. आई गावाला आहे, आरामाला. घरी यायचा त्रास घेऊ नका, रविवारी सकाळी पेट्रोल पंपावर पिल्लू आणून देतो.

"किती सोयीचं," धाकटी म्हणाली.

"बाळंतीण गावाला आणि दुधावरची पोरं इथे? असं कुठलं बाळंतपण गं?"

धाकटी तरातरा आत गेली आणि कपाटातून गोटीचा फोटो घेऊन आली. काळा-पांढरा, कडा पिवळ्या पडलेल्या. मोठ्या डौलदार कुत्रीच्या पुढ्यात तीन पिल्लं, त्यातलं मधलं गोटी.

"ही पण आपण फोटो बघूनच घेतली होती ना? तूच बाबांना म्हणालीस, आई बघा कशी तजेलदार आहे! मग गोटीत काय खोट निघाली?"

काहीच खोट निघाली नव्हती. घरात आली त्या दिवशी गडगडत पलंगाखाली गेली म्हणून तिचं नाव गोटी. धाकटी तेव्हा सोळा वर्षांची, घरात कुणाशी धड न बोलणारी, पण गोटीशी तासन्‌तास गप्पा. शाळेतून यायच्या वेळेला गोटी फाटकात जाऊन बसायची. सुट्टीच्या दिवशीही बसायची आणि घरातूनच बाहेर आलेल्या धाकटीकडे फसवलं गेल्यासारखी बघायची. बाबांच्या चपलेचा एक अंगठा तिने खाल्ला, आणि बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा उरलेल्या चपलेवर मान टाकून ती महिनाभर पडून होती. चौदा वर्षं. ताई सासरी गेली तेव्हा घरच्यांसाठी आणि गोटीसाठी एकाच दमात रडली होती.

ताईने त्या फोटोकडे पाहिलं. पन्नास वर्षांत कुणाला न दिसलेला सांधा तिला पहिल्या नजरेत दिसला. दिसणारच, तिनेच केलेला होता.

"बस जरा," ती म्हणाली. "हा फोटो मी केलाय."

"माहीत आहे की. तुझ्याच स्टुडिओतला."

"काढलेला नाही. केलेला."

आणि मग तिने सांगितलं. एक कोटवाले गृहस्थ स्टुडिओत यायचे, मृदू बोलणारे. पिल्लं विकायचे. वर्षातून दोनदा कुत्री आणि तिची पिल्लं घेऊन यायचे, कारण गिऱ्हाइकाला आई दाखवली की ते निर्धास्त होतं. कुत्रीचं नाव मखमल. दिवे लागले की ती स्टुलाच्या पायाला टेकून उभी राहायची, दमून. दर खेपेला फासळ्या जास्त दिसायच्या. ताई त्या ब्रशने भरून काढायची. कानावरची जखम बुजवायची, लोंबलेलं पोट सावलीत ढकलायची, अंगाला चकाकी द्यायची. मालक म्हणायचे, तुझ्या हाताने म्हातारी कालवड होते!

"मग एकदा ते गृहस्थ नुसती पिल्लंच घेऊन आले. म्हणाले, पिल्लं दुसरीची आहेत, आई जुन्या काचेवरची घाला. मी दोन निगेटिव्ह एका कागदावर उतरवल्या, सांधा ब्रशने मिटवला. पिल्लांत गोटी होती. आणि दुसऱ्याच दिवशी बाबा तोच फोटो घेऊन घरी आले."

धाकटीचा आवाज बारीक झाला. "मग मखमल?"

"मेली असणार. मी विचारलं नाही."

"आणि गोटीची आई?"

"ती कधी कुणी पाहिलीच नाही."

"तेव्हा का नाही बोललीस?"

ताईला सोपं उत्तर देता आलं असतं, की पिल्लू तुझ्या ओच्यात शिरलं होतं, माझी जीभ उचलेना. तेही खरंच होतं. पण पुरतं नव्हतं. "कुणाला सांधा दिसला नाही, याचा मला आनंद झाला होता," ती म्हणाली. "बाबा फसले, म्हणजे माझं काम साधलं. असा आनंद."

धाकटी म्हणाली, "त्या पिल्लाचा यात काय दोष?"

"काही नाही. गोटीचाही नव्हता. पण आपण गोटी आणली, आणि त्या न पाहिलेल्या आईला पुन्हा पिल्लं घालायच्या कामाला लावलं."

त्यानंतर तीन दिवस धाकटी ताईशी बोलली नाही. जे सांगायचं ते भिंतीला सांगायची. "दूध संपलंय," भिंतीला. "नळ गळतोय," भिंतीला. गोटीचा फोटो कपाटात परत गेला नाही, तसा तो तिने समोरही ठेवला नाही. कुठे ठेवला, ते विचारायची ताईची छाती झाली नाही. आपण त्या फोटोतली चौदा वर्षंच तिच्याकडून काढून घेतली, असं तिला राहून राहून वाटत होतं.

रविवारी धाकटी सकाळीच तयार झाली. "मी निघालेय. कुणाला यायचं तर या," भिंतीला.

ताई निमूटपणे टॅक्सीत बसली. पेट्रोल पंप आला आणि मागे पडला. टॅक्सी जनावरांच्या दवाखान्यामागे थांबली. तिथे सोडून दिलेल्या कुत्र्यांचा आसरा होता: पत्र्याची शेड, जाळ्या, फिनेलचा वास, भुंकण्याचा कल्लोळ. बुटांना चिखल लागलेली एक मुलगी बादली ठेवून पुढे आली. "पिल्लू हवंय ना आजी? या बाजूला."

"पिल्लू नको," धाकटी म्हणाली. "पिल्लं घालून घालून दमलेली एखादी आहे का? आता कुणाला नको झालेली?"

मुलगी शेडच्या टोकाकडे वळली. "आहे. पण नऊ वर्षांची आहे ती."

"आम्ही कुठे कोवळ्या आहोत!"

शेवटच्या जाळीत एक भुरकी कुत्री भिंतीकडे तोंड करून बसली होती. पाठीवर केस विरळ, पोट जमिनीला टेकलेलं. हाका मारल्या, बिस्कीट दाखवलं, ती ढिम्म. "ती लगेच येत नाही कुणाकडे," मुलगी म्हणाली. "महिने लागतील. कदाचित नाहीच येणार."

"आम्हाला कुठे घाई आहे?" म्हणत धाकटी जाळीच्या आत गेली आणि ओल्या फरशीवर बैठक मारून बसली, तिच्यापासून हातभर दूर. अर्धा तास गेला. कुत्रीचा एक कान तेवढा वळला आणि तिच्याकडे वळलेलाच राहिला.

मुलगी कागद आणायला गेली. ताई जाळीबाहेर उभी होती, आत जावं की नाही ते न कळून.

"ताई," आतून आवाज आला. पाठ तशीच, कुत्रीकडे. "जरा हात दे गं. गुडघा धरलाय माझा."

ताई आत गेली. दोघींनी मिळून एक माणूस उभं करायला चार वेळा प्रयत्न केले, आणि चौथ्याला ते जमलं.