विसाव्यापर्यंत

“पदर आधी खोच. मग खाली बस, कंबरेत वाकू नकोस. ओझं अंगाशी ओढून घे, लांबून उचलशील तर जड होतं. आणि उठताना श्वास कोंडू नकोस.”

गोदाबाईंनी पदर खोचला. खाटेजवळ गुडघ्यांत बसून एक हात श्रीपादरावांच्या मानेखाली आणि दुसरा गुडघ्यांखाली घातला, त्यांना छातीशी घेतलं आणि श्वास सोडत सोडत त्या उठल्या. अंग अजून पुरतं गार झालं नव्हतं. सांगणारा आवाज पहाटे थांबला होता. पण रोज सकाळी ऐकलेला आवाज कानांतून इतक्या लवकर कुठला जायला!

“आता खाली. उचललंस म्हणजे झालं असं समजू नकोस. खरं काम आता आहे.”

सारवलेल्या जमिनीवर दर्भ अंथरले होते. त्यावर त्यांनी नवऱ्याला ठेवलं. जरासुद्धा आवाज झाला नाही. मग त्या शेजारच्या रखमाबाईंना हाक मारायला दाराशी गेल्या.

“अगो बाई! एकटीनं उतरवलंस?” रखमाबाई रडायचं विसरून म्हणाल्या. “हाक नाही का मारायची? चार पुरुष आले असते.”

“रोजचंच होतं हो,” गोदाबाई म्हणाल्या.

श्रीपादराव कल्याणच्या जकात नाक्यावर कारकून होते. पण पारनाक्यावर त्यांना सगळे ओळखत ते तालीममास्तर म्हणून. घराच्या पाठीमागेच तालीम. भिंतीपलीकडे श्रीपादराव मुलांना मुद्गल फिरवायला शिकवत, मूठ कोरलेले दगडी नाल उचलायला शिकवत, आणि भिंतीअलीकडे गोदाबाईंची पूजा चाले. बायकांनी तालमीत जायचं नाही, म्हणून त्यांनी ती तालीम कधी धड पाहिली नाही, कानांनीच ओळखली. स्वातंत्र्य आलं त्या साली तिथे पोरं मावत नव्हती. तरीही पहाटे पोथी वाचता येईल इतकी शांतता असायची, कारण मास्तरांचा नियम एकच होता. दगड वर कितीही जोरात न्या, खाली ठेवताना वाजता कामा नये. कुणीतरी दगडांखाली गोणपाट अंथरलं होतं, तेही त्यांनी काढून टाकलं. “फरशी उघडी असू दे. आवाज झाला म्हणजे चूक कळते.” क्वचित कधी दगड आदळायचा, की पाठोपाठ त्यांचा आवाज यायचा. “कोण तो? उचल पुन्हा. वजनाशी भांडू नकोस, त्याला घरी पोचव.”

जेवताना ते थट्टा करायचे. “तुझ्या मारुतीनं डोंगर उचलला, त्याचं सगळ्यांना कौतुक. ठेवला कसा, ते कुणी विचारत नाही.”

“पुन्हा नेऊन जागच्या जागी ठेवला, पोथीत आहे तसं.”

“बघ! म्हणजे त्याला कळत होतं.”

मधु हा त्यांचा सगळ्यांत लाडका. खांदे असे की दारातून आत यायला तिरकं व्हावं लागे. एके दिवशी तो ठाण्याहून परदेशी मासिक घेऊन आला. त्यात तेल लावून उभे राहिलेल्या माणसांची चित्रं होती.

“मास्तर, आपल्याला आता लोखंडी बार पायजे. आठवड्याला थोडं थोडं वजन चढवत जायचं. आणि समोर मोठा आरसा.”

“चढव की. नाही कोण म्हणतंय? फक्त आपटू नकोस.”

“काय मास्तर तुम्ही पण! वर नेलं की कप मिळतो. ठेवायला कोण कप देतो?”

पोरं खो खो हसली. भिंतीपलीकडून मास्तरांचं हसूही ऐकू आलं. त्या दिवशी मात्र त्यांनी भात कालवला आणि तसाच ठेवून ते उठले.

मधूने ठाण्याला क्लब काढला. एकेक करत पोरं तिकडे गेली. कुणाचं काही चुकलं असं गोदाबाईंना वाटलं नाही. पोरांना पुढे जायचं होतं. मागे उरले श्रीपादराव. ते एकटेच पहाटे तालमीत जायचे, झाडायचे, मारुतीपुढे दिवा लावायचे आणि व्यायाम करायचे. खाडा नाही. गोदाबाईंच्या नेमालाही खाडा नव्हता. भिंतीच्या दोन बाजूंना दोघं आपापलं करत राहिली.

मग एका सकाळी पोथी वाचताना दगड आदळल्याचा आवाज आला. गोदाबाई थांबल्या. पाठोपाठ येणारा त्यांचा आवाज आला नाही.

त्या दिवशी पहिल्यांदा त्या तालमीत गेल्या.

उजवं अंग गेलं. सुरुवातीला नाक्यावरचे लोक येऊन मास्तरांना खाटेवरून खुर्चीत बसवून जात. मायेनं येत, पण दाणकन बसवत. तेव्हा मास्तर डोळे मिटून घेत. त्यांना दुखत नव्हतं. कारण फक्त गोदाबाईंना कळत होतं. एके दिवशी त्यांनी वाकड्या तोंडानं, अडखळत, बायकोलाच शिकवायला घेतलं. आयुष्यातली ती त्यांची शेवटची शिष्या. चुकलं की ते डाव्या हाताची बोटं खाटेवर आपटत. बरोबर आलं की बोटं उघडत. त्यांचं वजन दर महिन्याला कमी होत गेलं आणि गोदाबाईंच्या दंडांत बळ येत गेलं. ते बळ येताना पाहून गोदाबाईंना कधी आनंद झाला नाही.

त्यांनी मारुतीला एकच मागितलं होतं, यांनी एकदा आपल्या पायांनी उठावं. शनिवार धरले, मीठ सोडलं. मारुती ऐकत होता की नाही, कोण जाणे.

गेल्या आषाढात श्रीपादराव म्हणाले होते, “मसणाच्या वाटेवर… विसाव्याला… मला खाली ठेवतील.”

“असलं अभद्र बोलू नये.”

“आपटतील. तू… बघ.”

“बघेन हो मी,” त्या म्हणाल्या. मारुतीवर भरवसा होता, म्हणून इतक्या सहज म्हणून गेल्या.

उन्हं अंगणात आली तेव्हा पलीकडच्या घरातले अण्णा ठाण्याला पाठवलेल्या माणसाला घेऊन आले. “वहिनी, मधु पुण्याला गेलाय. आज त्याची स्पर्धा आहे म्हणे. बाकीच्यांनापण निरोप दिला, पण कामाचा दिवस…” मास्तरांना मूलबाळ नव्हतं. मडकं अण्णाच धरणार होते.

खांदा द्यायला नाक्यावरचे तिघं आणि दूधवाला आनंदा. सगळी भली माणसं. तालमीचा एकही नाही.

देवघरात दिवा नव्हता. सुतक लागलं होतं. नेमाला आज खाडा पडला. कपाळ पुसून झालं, बांगड्या उतरवून झाल्या. गोदाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. चौघांनी तिरडी उचलली. उंबऱ्याशी एकाचा पाय अडला, म्हणून अंगणात पुन्हा खाली टेकवली.

आवाज झाला.

कुणाचं लक्ष गेलं नाही. अण्णा दोर आवळायला वाकले. गोदाबाईंनी कान दिला. पाठोपाठ कुणीच काही बोललं नाही.

‘श्रीराम जय राम’ म्हणत माणसं निघाली. तिरडी एका बाजूला कलत, हिसके खात गल्लीच्या तोंडाशी गेली. गोदाबाई उठल्या.

“अगो, कुठे?” रखमाबाईंनी हात धरला. “बायका जात नाहीत हो. लोक काय म्हणतील? तू तर इतकी देवाधर्माची!”

“पुढे नाही जात. विसाव्यापर्यंतच.”

“अगो, पण तिथे तू काय करणार?”

गोदाबाईंनी हलकेच हात सोडवून घेतला, पदर कंबरेशी खोचला आणि त्या अंगणातून बाहेर पडल्या.