पाटीवरचा एक शब्द

मित्रांनो, मी एक जुना पाळणा आहे, पण तान्ह्या बाळांचा नव्हे. ज्यांना उठता येत नाही, अशा मोठ्या माणसांना पट्ट्यात बसवून पलंगावरून खुर्चीत ठेवणारे मी रुग्णालयातले लोखंडी यंत्र. वॉर्डात सगळे मला पाळणाच म्हणतात.

मला इथे आणले ते मावशींमुळे. एका आडदांड पेशंटला उचलताना या मदतनीस मावशींची कंबर धरली, ती धरलीच. मग नियम झाला, हातांनी कोणी उचलायचे नाही. मावशी मला म्हणाल्या, "बाबा, आधी का नाही रे आलास?" मी फुशारून गेलो.

पुढे पक्षाघात झालेले शिंपीकाका आले. दुकानात पुन्हा उभे राहून कापड बेतायचे, हाच त्यांचा ध्यास. सुरुवातीला मीच त्यांना उचलत असे. मग व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी त्यांना धरून उभे केले, आधी दहा आकडे मोजेपर्यंत, मग तीस. ताईंनी पलंगावरच्या पाटीवर 'धरून उठवा' असे लिहिले आणि त्या तीन आठवडे रजेवर गेल्या.

दुसऱ्याच दिवशी काकांचा पलंग बदलला. नव्या पाटीवर सिस्टरांनी घाईत लिहिले, 'पाळण्याने उचला'. कामाच्या रगाड्यात त्यांना उठवा काय नि उचला काय, सारखेच वाटले, आणि उचलायचे तर पाळण्यानेच, हा नियम होताच.

"मावशी, मी उठतो की," काका म्हणाले.

"पाटी बघा ना काका! तुम्ही पडलात तर मी काय करू? माझी कंबर आधीच गेलीय."

त्यांचे तरी काय चुकले? मी काकांना अलगद उचलत राहिलो. त्यांच्या मांड्या दिवसेंदिवस बारीक होत होत्या. मला ते कळत होते, पण सांगणार कसे? फार वाईट वाटायचे.

ताई परतल्या. "चला काका, उभे राहा." काकांनी जोर लावला. गुडघे थरथरले आणि दुमडले. ताईंनी पाटी वाचली आणि त्या मटकन खाली बसल्या.

"काका, कुणाला सांगितलं का नाहीत?"

"मला वाटलं, तुम्हीच बदललंत. म्हणजे आता आपलं काही खरं नाही."

गेलेली ताकद पुन्हा आली नाही; काका चाकांच्या खुर्चीतूनच घरी गेले. दुकानातले कापड बेतायचे टेबल काढून तिथे त्यांची खाट टाकली, असे नंतर वॉर्डात कागद न्यायला आलेली त्यांची मुलगी सांगत होती.

मित्रांनो, मावशींच्या कंबरेसाठी मला जरूर वापरा. पण पट्टा बांधण्याआधी माणसाला रोज विचारा, "आज उठून बघता का?" काका तीन आठवडे त्या प्रश्नाची वाट बघत होते.